एक शब्द, दोन धोरणे

सुरतेत राहणाऱ्या मराठी मुलाला भाषांची गंमत फार लवकर कळू लागते. घरी वडील वर्तमानपत्रातून ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण’ वाचून दाखवितात, आणि शेजारचा गुजराती मित्र सांगतो, ‘मी धोरण ५ मध्ये आहे.’ आपल्याकडे ज्याला धोरण म्हणतात, ते राज्यकर्त्यांनी ठरवावयाचे असते. गुजरातीत धोरण म्हणजे यत्ता, आणि तिच्यात मुलाने बसावयाचे असते. आपल्याकडे परीक्षेचा निकाल लागतो. गुजरातीत ‘परिणाम’ जाहीर होतो, आणि ‘निकाल’ लावतात तो कचऱ्याचा! शब्द तोच, अर्थ निराळा. हा भेद केवळ विनोदापुरता असता तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु दिल्लीत आखलेले एक ‘धोरण’ सुरतेतल्या ‘धोरणा’त बसलेल्या मराठी मुलापर्यंत पोहोचताना त्याचे नेमके काय होते, हा प्रश्न आपल्या प्रत्येक घराशी निगडित आहे.

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत या स्तंभाच्या वाचकांकडून थोड्याफार फरकाने एकच विचारणा होते : मुलाला कोणत्या शाळेत घालावे? प्रश्न चार शब्दांचा, पण त्यात घरातील आजी, कचेरीतील स्नेही, गल्लीतील खासगी वर्गाचा फलक आणि महिन्याचा जमाखर्च हे सारे दडलेले असतात. म्हणून उत्तर देण्यापूर्वी शाळांचे प्रकार आणि परीक्षांचे हेतू यांची थोडी उजळणी करू.

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांतून चालतात : गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. एका नगरीने आपल्या प्राथमिक शाळांत सात भाषांना जागा द्यावी, ही गोष्ट देशात विरळाच म्हणावी लागेल. यंत्रमागांच्या आणि कापडाच्या या शहराने जिथून कामगार आणले, तिथल्या भाषाही सामावून घेतल्या. लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांची मुले मराठी माध्यमात बसतात. दुसरा प्रकार राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या, बहुशः गुजराती माध्यमाच्या शाळांचा. तिसरा खासगी इंग्रजी शाळांचा. त्यांतील काही गुजरात मंडळाशी, तर काही केंद्रीय मंडळाशी संलग्न. चौथा प्रकार केंद्र सरकारच्या शाळांचा. बदलीच्या नोकरीतील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये निघाली, आणि ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी १९८६ च्या धोरणाने जवाहर नवोदय विद्यालये आली. त्यांपैकी आरंभीच्या दोहोंत एक आपल्या अमरावतीचे होते.

कोठारी आयोगाने १९६६ साली जो अहवाल सादर केला, त्यात समान शाळा पद्धतीचा पुरस्कार केला होता. वस्तीतील सर्व थरांची मुले वस्तीतल्याच शाळेत एकत्र शिकावीत, ही त्यामागची कल्पना. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. शिक्षण हेच त्यांचे व्रत होते. आज एकाच गल्लीतील चार मुले चार रंगांचे गणवेश घालून चार दिशांना जाताना पाहिली, की तो विचार कागदावरच राहिला हे मान्य करावे लागते. वस्ती एक, पण शाळेने तिचे थर पाडले.

मग या सर्वांना जोडणारा राष्ट्रीय अभ्यासक्रम म्हणजे काय? शिक्षण हा मूळचा राज्यांचा विषय. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो केंद्र आणि राज्ये यांच्या समवर्ती सूचीत गेला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९७५, १९८८, २००० आणि २००५ साली अभ्यासक्रमाचे आराखडे सिद्ध केले. २०२० च्या धोरणानंतर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा आणि २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा नवा आराखडा आला. आराखडा म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. मुलाने कोणत्या वयात काय करू शकावे, याची ती चौकट होय. पुस्तके राज्याने आपापली करावयाची. महाराष्ट्रात हे काम १९६७ पासून पुण्याची ‘बालभारती’ करीत आली आहे, तर गुजरातेत १९६९ पासून गांधीनगरचे पाठ्यपुस्तक मंडळ.

आपल्या मुलांच्या वाट्याला नेमकी इथेच एक विलक्षण स्थिती येते. सुरतेच्या मराठी शाळेतील मूल मराठीत शिकते, पण पुण्याच्या पुस्तकातून नव्हे. गांधीनगरच्या मंडळाने मराठीत काढलेल्या पुस्तकांतून. गुजरात मंडळाने २०१८ पासून गणित व विज्ञान या विषयांसाठी दिल्लीची पुस्तके टप्प्याटप्प्याने स्वीकारली. दिल्लीत एकदा लिहिलेला धडा अशा रीतीने भाषांतराचे उंबरठे ओलांडत वर्गात येतो. प्रत्येक उंबरठ्यावर धड्याची थोडी माती झडते, थोडी नवी चिकटते.

याचे एक साधे उदाहरण देतो. आपण ज्याला लसावि म्हणतो, म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, त्याला गुजरातीत ‘लसाअ’ म्हणतात, लघुतम सामान्य अवयवी. आपला मसावि हा तिकडे ‘गुसाअ’ होतो. एका मुलीची गोष्ट मला आठवते. हिशेबात तिचा हात धरणारे वर्गात कोणी नव्हते. मराठी शाळेतून ती गुजराती माध्यमात गेली, आणि पहिल्याच चाचणीत हे प्रश्न तिने कोरे सोडले. तिला लसावि काढता येत होता. ‘लसाअ’ कोणत्या प्राण्याचे नाव आहे ते ठाऊक नव्हते. कागदावर शून्य पडले ते गणिताच्या खात्यात. वस्तुतः ते भाषेच्या खात्यात पडावयास हवे होते. पुढे आठवड्याभरात तिने दोन्ही नावे आत्मसात केली आणि प्रश्न मिटला. परंतु ती चाचणी तिच्या शाळेतल्या साध्या वहीत न होता एखाद्या मोठ्या परीक्षेत झाली असती, तर आठवडा कोणी दिला असता?

प्रमाणित परीक्षांविषयी बोलताना आपण सर्व परीक्षा एकाच मापाने मोजतो, ही मोठी गफलत आहे. त्यांचे तीन प्रकार स्पष्ट वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार म्हणजे आपल्या म्हणीतली शितावरून भाताची परीक्षा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या सुमारे ३४ लाख मुलांवर झाले. त्याचाच पुढील अवतार ‘परख’ या नावाने ४ डिसेंबर २०२४ रोजी झाला. तिसरी, सहावी आणि नववीची २१ लाखांवर मुले त्यात होती, ७८१ जिल्ह्यांतून निवडलेली. यात कोणतेही मूल उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण होत नाही. भात शिजला की नाही हे पाहावयाचे असते. शिताला शिक्षा नसते. अशा परीक्षेसाठी पाल्याला खासगी वर्गात धाडणे म्हणजे तापमापकालाच औषध पाजण्यासारखे आहे.

दुसरा प्रकार यत्तेच्या परीक्षेचा, ज्याचे टोक म्हणजे दहावी-बारावीची मंडळाची परीक्षा. शिकविले ते किती मुरले, हे येथे पाहतात. केंद्रीय मंडळाने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचे ठरविले, ते एका दिवसाच्या दुखण्याने वर्षाचे वाटोळे होऊ नये म्हणून. तिसरा प्रकार चाळणीचा. नीट, जेईई या परीक्षांना मुलाला किती येते यापेक्षा जागा थोड्या आणि उमेदवार फार, त्यांतून कोणाला गाळावे, हे ठरवावयाचे असते. चाळणीची भोके किती बारीक ठेवावयाची हे धान्य पाहून नव्हे, तर कोठाराची जागा पाहून ठरते. चाळणीतून गळलेला दाणा किडका असतोच असे नाही, हे घरातील मोठ्यांनी निकालाच्या दिवशी तरी विसरू नये.

आता या चाळणीजवळ आपले मूल कसे पोहोचते ते पाहा. नीट ही परीक्षा तेरा भाषांतून देता येते आणि त्यांत मराठी आहे, हे ऐकून आपणांस समाधान वाटते. पण माहितीपुस्तिका बारकाईने वाचली म्हणजे खालची ओळ दिसते. इंग्रजी, हिंदी व उर्दू प्रश्नपत्रिका देशभर मिळते. प्रादेशिक भाषांची त्या त्या राज्यातील केंद्रांवरच. गुजराती प्रश्नपत्रिका गुजरातेतील केंद्रांवर, मराठी महाराष्ट्रातील केंद्रांवर. म्हणजे सुरतेत मराठीतून शिकलेल्या मुलाला आपल्या भाषेतील प्रश्नपत्रिका हवी असेल, तर त्याने राज्याची सीमा ओलांडून महाराष्ट्रातील केंद्र घ्यावे. घराजवळचे केंद्र हवे असेल, तर भाषा सोडावी. मुलाला मराठीत शिकण्याचा अधिकार सुरतेत आहे, पण मराठीत चाळले जाण्याचा नाही!

यामागे कोणाचा मराठीद्वेष आहे असे मला मुळीच वाटत नाही. व्यवस्था सोयीने चालते, आणि जो मागतो त्याची सोय आधी होते. जेईई मेन या परीक्षेचाच इतिहास पाहा. २०२१ मध्ये तिला तेरा भाषा मिळाल्या. तत्पूर्वी काही वर्षे ती इंग्रजी, हिंदी आणि गुजराती या तीनच भाषांत होती. इतर राज्यांत त्यावर २०१९ मध्ये गहजब झाला, तेव्हा खुलासा आला तो असा : गुजरात सरकारने गुजरातीची मागणी २०१३ मध्येच केली होती. महाराष्ट्राच्या मागणीवरून २०१४ मध्ये मराठीही सुरू झाली, पण २०१६ मध्ये राज्याने त्या परीक्षेद्वारे प्रवेश देणे थांबविले तेव्हा तीही थांबली. मागणारा असला तर भाषा येते, मागणारा उठून गेला तर भाषाही उठून जाते. महाराष्ट्राबाहेरील मराठी मुलासाठी मागणारे राज्य कोणते? गांधीनगरला तो अल्पसंख्य, मुंबईला तो परप्रांतस्थ. म्हणून मागावयाचे ते आपल्यालाच.

येथे जगाकडे एकदा दृष्टी टाकणे उपयुक्त ठरेल. ‘पिसा’ या नावाने पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, तिच्या २००९ च्या फेरीत भारताच्या वतीने तामिळनाडू व हिमाचल प्रदेश यांनी भाग घेतला. निकाल २०११ साली आला आणि दोन्ही राज्ये यादीच्या तळाशी दिसली. पुढील फेऱ्यांत आपण उतरलो नाही. कारण असे सांगण्यात आले, की त्या प्रश्नांचा सामाजिक-सांस्कृतिक संदर्भ आपल्या मुलांना परका होता. हे कारण पूर्णांशाने पटो वा न पटो, त्यातील तत्त्व खरे आहे. मात्र तत्त्व खरे असेल तर ते खालपर्यंत खरे असले पाहिजे. परक्या संदर्भाची जी तक्रार दिल्लीने परदेशातील परीक्षकांपुढे मांडली, तीच तक्रार लिंबायतच्या मुलाने दिल्लीपुढे मांडली तर ती बालिश कशी म्हणता येईल?

आणि त्या मुलाची अडचण मराठीपाशीही संपत नाही. खानदेशातून आलेल्या अनेक घरांत चुलीपाशी बोलली जाते ती अहिराणी. प्रवेशपत्रावर मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिले जाते, आणि मूल वर्गात येते तेव्हा प्रमाण मराठी ही त्याची दुसरी भाषा असते. त्यावर गुजराती, हिंदी, इंग्रजी. पाच भाषांच्या या वाऱ्यात पहिलीचे मूल उभे असते. युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालाने मातृभाषा हेच शिक्षणाचे उत्तम माध्यम असल्याचे सांगितले. २०२० च्या धोरणानेही निदान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले. परंतु ‘शक्य तेथे’ हे दोन शब्द त्या वाक्याच्या उंबरठ्यावर पहारा देत बसले आहेत. शक्य कोणी करावयाचे, ते वाक्य सांगत नाही.

राज्यघटना मात्र काहीशी अधिक स्पष्ट आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले ३५० (अ) हे कलम सांगते, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा. त्याही आधी, १९४९ साली, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक माप घालून दिले होते : वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस विद्यार्थी त्या भाषेचे असतील, तर शिक्षक द्यावा. हे आकडे आपल्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी पाठ करून ठेवावेत. दुसऱ्या बाजूने, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला, की राज्याला कोणावर मातृभाषेचे माध्यम लादता येणार नाही, निवड पालकांची. तात्पर्य, दार उघडे ठेवण्याचे कर्तव्य शासनाचे, आत जावे की न जावे हे आपले. आणि दाराशी कोणी फिरकले नाही, तर दार मिटणार, हे वेगळे सांगणे नलगे.

राहता राहिली गुजराती. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने एकमताने संमत केलेल्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती हा विषय सर्व मंडळांच्या शाळांत अनिवार्य झाला. काही मराठी पालकांना हे ओझे वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या मातीचे पाणी आपण पितो, तिची भाषा आपल्या मुलांना लिहिता-वाचता आलीच पाहिजे. १८४४ साली याच सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत दुर्गाराम मेहताजी हे गुजराती शिक्षक होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते दादोबा पांडुरंग, मराठी व्याकरणाचा पाया घालणारे, त्या वेळी सुरतेत अध्यापन करणारे. मराठीचा व्याकरणकार गुजरातच्या नगरीत गुजराती सहकाऱ्यांबरोबर समाजाला जागे करीत होता, आणि त्याची मराठी उणी झाली नाही. आपल्या शेजारच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. मराठी राजाने तो प्रामुख्याने गुजराती प्रजेसाठी केला. ही परंपरा आपली आहे. ती घेणाऱ्याची नव्हे, देणाऱ्याची आहे.

मग मुलाला कोठे घालावे? सर्वांना एकच उत्तर देणारा मनुष्य शिक्षक नव्हे, विक्रेता होय. इंग्रजी माध्यम निवडणारा पालक भाषाद्रोही नाही. त्याने आपल्या पोटाला लागलेले चटके आठवून ती निवड केलेली असते. मराठी माध्यम निवडणारा मागासलेला नाही. घरात ज्या भाषेत मूल प्रश्न विचारते, त्या भाषेत त्याला उत्तर मिळावे एवढीच त्याची अपेक्षा असते. मी विचारणाऱ्यांना तीन गोष्टी तपासावयास सांगतो. पहिली, गृहपाठात अडलेल्या मुलाला घरातील कोणीतरी मदत करू शकेल अशी शाळेची भाषा आहे काय? दुसरी, त्या माध्यमात पुढे कोणत्या यत्तेपर्यंत वाट आहे, आणि वाट बदलावी लागली तर ती कोठे? तिसरी, शाळेत शिक्षक पुरेसे आहेत काय? इमारत पाहावयास वेळ लागत नाही. शिक्षक पाहावयास एक सकाळ काढावी लागते.

माध्यम कोणतेही निवडा, दोन कामे मात्र घरानेच करावयाची. मुलगा मराठी शाळेत असेल तर पाचवीपासून गणित-विज्ञानाच्या संज्ञांची एक वही करावी : एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात गुजराती, तिसऱ्यात इंग्रजी. लसावि आणि ‘लसाअ’ एकाच ओळीत बसले, की परका शब्द भिववीत नाही. मुलगी इंग्रजी शाळेत असेल तर मराठी लिहिण्या-वाचण्याची जबाबदारी आजी-आजोबांनी उचलावी. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या भाषाविषयांत मराठीचा समावेश आहे. २०२३ चा आराखडाही तीन भाषा शिकवा आणि त्यांत किमान दोन भारतीय ठेवा असे सांगतो. शाळेत पुरेशा पालकांनी मिळून लेखी मागणी केली, तर निदान ‘आमच्याकडे कोणी विचारलेच नाही’ असे उत्तर मिळणार नाही. नाहीतर पाच भाषांचे शिंतोडे अंगावर घेऊन एकीतही न भिजलेले मूल तयार होते. एक ना धड, भाराभर चिंध्या.

तिसरे काम आपल्या समाजाच्या संस्थांचे आहे. मराठी प्रश्नपत्रिकेचे एक तरी केंद्र दक्षिण गुजरातेत असावे, अशी मागणी परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे आणि दोन्ही राज्य सरकारांकडे व्हावी. गणेशोत्सवाच्या मंडपासाठी आपण जेवढ्या सह्या आणि जेवढा वेळ जमवितो, त्याचा चौथा हिस्सा पुरेल. ही मागणी कोणाविरुद्ध नाही. मुंबईत गुजरातीतून शिकणाऱ्या मुलाची अडचण आपल्या मुलासारखीच आहे. दोघांचे अर्ज एकाच लखोट्यात घालून धाडले तरी शोभतील.

राज्यकर्त्यांचे धोरण बदलावयास वर्षे लागतात. मुलाचे ‘धोरण’ मात्र दर जूनमध्ये बदलते. पाचवीतले मूल पुढच्या वर्षी सहावीत जाणारच, ते आपल्या अर्जांच्या उत्तरासाठी थांबणार नाही. म्हणून अर्ज या महिन्यात लिहावा, आणि ती तीन रकान्यांची वही आज संध्याकाळी आखावी.